थेंब थांबले की डोळा लाल: पिशवीबाहेर राहिलेल्या लेन्सच्या पायाचं एक प्रकरण

रुग्ण ६६ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. जानेवारीच्या मध्यावर उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फेकोने (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत), घडीची लेन्स घालून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलाने त्यांना मिरजेला तपासायला आणलं. मधल्या अकरा आठवड्यांत डोळा चार वेळा लाल झाला होता. दर वेळी थेंब सुरू केले की चार-पाच दिवसांत बरं वाटायचं, थेंब कमी करत आणले की पुन्हा तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, अशा डोळ्यांत नेहमी सापडणाऱ्या काही गोष्टीही याच प्रकरणात घेतल्या आहेत.)

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "धूर आल्यागत दिसतंय बघा, वाकून काम केलं की जास्ती. दोन दिसांनी आपोआप निवळतंय. रातच्याला दिव्याभोवती कडं दिसतंय." मुलाचं निदान पक्कं होतं: "बेदाण्याच्या शेडमधी गंधकाची धुरी देतोय, ती लागतीय आण्णांच्या डोळ्याला."

हंगाम बेदाण्याचाच होता, त्यामुळे घरच्यांना हे पटलं होतं आणि गावातल्या मेडिकलवाल्यालाही. पण गंधकाची धुरी दोन्ही डोळ्यांना लागते. डोळे चुरचुरतात, पाणी येतं आणि मोकळ्या हवेत आलं की थोड्या वेळात उतरतं. इथे लाली फक्त ऑपरेशन झालेल्या डोळ्यात होती. तीही पापणीच्या आतल्या बाजूला नव्हती, बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेच्या, कडेभोवती जांभळट कडं धरून होती. अशी लाली आतून येते, बाहेरच्या धुराने नाही.

"धूर येतो आणि निवळतो" हे वाक्य मात्र सोन्यासारखं. बुबुळाचा पांढरेपणा, लेन्समागचं जाळं किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याची सूज असं दोन दिवसांत येऊन जात नाही. येऊन जातं ते रक्त. बुबुळ आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) यांच्या मधल्या पाण्यात थोडे रक्तकण सुटले की सगळं धुरकट होतं, ते खाली बसले किंवा वाहून गेले की नजर परत येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुणी असं सांगितलं, तर लेन्सचा पाय (मधल्या चकतीला जागेवर धरणाऱ्या दोन बाजूंच्या पट्ट्यांपैकी एक) कुठे बसलाय हे पाहिल्याशिवाय त्या माणसाला घरी पाठवू नये.

कार्डावर काय होतं, काय नव्हतं

ऑपरेशनच्या कार्डावर लिहिलं होतं: पोस्टिरिअर कॅप्सूल रप्चर, अँटेरियर व्हिट्रेक्टॉमी, लेन्स घातली. म्हणजे मोतीबिंदू काढताना, तो ज्या पातळ पिशवीत असतो तिचा मागचा पापुद्रा फाटला, डोळ्याच्या मागच्या भागातून पुढे आलेली पारदर्शक जेली कापून काढली आणि लेन्स बसवली. लेन्स नेमकी कुठे बसवली, पिशवीत की पिशवीच्या पुढे, हे लिहिलेलं नव्हतं. पण लेन्सचं स्टिकर चिकटवलेलं होतं, आणि अर्धं निदान तिथेच झालं: हायड्रोफोबिक ॲक्रिलिक (मऊ, घडी होणारं द्रव्य), सिंगल पीस (चकती आणि पाय एकाच तुकड्याचे), चकती ६ मिलिमीटर, पायांसकट लांबी १३ मिलिमीटर, पॉवर २१.

मागचा पापुद्रा फाटणं हा कुठल्याही सर्जनच्या हातून कधी ना कधी होणारा प्रकार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. या डोळ्याचं नुकसान फाटण्याने झालं नाही. ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत कुठली लेन्स उचलली यावरून झालं.

सिंगल पीस ॲक्रिलिक लेन्स पिशवीत बसण्यासाठी बनवलेली असते. तिचे पाय चकतीच्याच मऊ द्रव्याचे, जाड, चौकोनी कडांचे, आणि चकतीच्याच पातळीत असतात. पिशवीत हे सगळं फायद्याचं, कारण पिशवी तिला चारही बाजूंनी धरते आणि आयरिसपासून दूर ठेवते. सल्कस म्हणजे आयरिसच्या मागे आणि पिशवीच्या पुढे असलेली खाच. तिथे तीच लेन्स घातली तर तिन्ही गुण उलटतात. मऊ पायांना खाचेत ताण धरता येत नाही, म्हणून लेन्स सरकते. पाय मागे झुकलेले नसल्याने चकती आयरिसला खेटते. आणि चौकोनी कड आयरिसच्या मागच्या काळ्या थरावर कानशीसारखी घासत राहते.

थ्री पीस लेन्सचं उलट आहे: पाय बारीक, गोलाकार, ताठ, आणि चकती मागे जावी अशा कोनात बसवलेले. सल्कससाठी तीच लागते. अमेरिकेतल्या मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेच्या समितीने २००९ साली सिंगल पीस ॲक्रिलिक सल्कसमध्ये घालू नये असं स्पष्ट सांगितलं. तरीही असे डोळे येतात, आणि कारण बहुतेक वेळा अज्ञान नसतं. लांबलचक यादीच्या दिवशी ट्रेवर त्या पॉवरची थ्री पीस नसते, एवढंच. मग "एक पाय तरी पिशवीत जातोय" म्हणून जे हाताशी आहे ते बसवलं जातं.

तपासणीचा क्रम

या डोळ्यात क्रमाला महत्त्व होतं. आधीच्या दोन भेटींत बाहुली मोठी करण्याचे थेंब आधी घातले गेले होते आणि मग डोळा पाहिला होता. बाहुली फाकली की आयरिस कडेला गोळा होते आणि घासल्याची खूण घडीत लपते. म्हणून या वेळी थेंब नंतर.

चष्म्याशिवाय नजर ६/२४. नंबर काढला तर उणे १.२५, सोबत उणे १.७५ चा सिलिंडर, आणि त्यावर ६/१२. बुबुळाच्या वक्रतेत सिलिंडर जेमतेम अर्धा होता. मग उरलेला सव्वा आला कुठून? लेन्स तिरकी झाली की असा सिलिंडर तयार होतो. उणे नंबरही तेच सांगतो: ठरवलेल्या जागेपेक्षा लेन्स पुढे आली की डोळा उणेकडे झुकतो. स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाला, बसवण्याआधीच, नुसत्या नंबराच्या चिठ्ठीवरून, लेन्स पुढे आणि तिरकी असल्याचा संशय घेता आला असता.

डोळ्याचा दाब उजवीकडे ३४, डावीकडे १६.

स्लिट लॅम्पवर पाण्यात सुजेच्या पेशी दोन प्लस (मध्यम प्रमाणात), त्यांत तपकिरी रंगकण आणि बारीक लाल कण वेगळे ओळखू येत होते. मग खोलीत अंधार केला, प्रकाशाचा झोत लहान करून सरळ बाहुलीतून आत सोडला. पडद्यावरून परत येणारा लाल उजेड फक्त बाहुलीतूनच दिसायला हवा. इथे साडेदहाच्या काट्याच्या जागी, आयरिसच्या मधोमध, सुमारे दोन मिलिमीटर लांबीची लाल रेघ दिसत होती. ती सरळ नव्हती, थोडी वळलेली होती, पायाच्या आकाराची. तेवढ्या पट्टीत मागचा काळा थर खरवडून निघाला होता. काचबिंदूच्या दुसऱ्या एका प्रकारात, रंगकण आपोआप झडतात तेव्हा, अशा रेघा चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळीकडे असतात. इथे एकच होती, आणि एकाच जागी.

मग बुबुळ आणि आयरिस जिथे मिळतात तो कोन खास भिंग लावून तपासला. पाणी बाहेर जाण्याची जाळी सगळीकडे तपकिरी, खालच्या भागात जवळपास काळी, आणि सहाच्या काट्यावर रक्ताची पातळ रेघ. दाब का वाढला याचं उत्तर इथे होतं, पण पूर्ण नव्हतं. अकरा आठवड्यांपैकी बराच काळ डेक्सामेथासोनचे थेंब चालू होते, आणि स्टेरॉइडने स्वतःच काही जणांचा दाब वाढतो, बहुधा दोन ते सहा आठवड्यांत. म्हणजे जाळीवर रंगकण, रक्तकण, सूज आणि वरून स्टेरॉइड, असा चौफेर मारा. स्टेरॉइड थांबवावं तर सूज भडकते, चालू ठेवावं तर दाब चढतो. आधीच्या भेटींत उपचार याच झोपाळ्यावर हेलकावत राहिले.

आता बाहुली मोठी केली. लेन्सची चकती वर आणि कानाच्या बाजूला सुमारे एक मिलिमीटर सरकलेली होती, खालची नाकाकडची कड बाहुलीत दिसत होती. खालचा पाय पिशवीत, वरचा पिशवीच्या बाहेर. पिशवीची रुंदी साधारण साडेदहा मिलिमीटर, सल्कसची त्याहून जास्त. आतला पाय दाबला जातो आणि बाहेरचा मोकळा असतो, त्यामुळे चकती नेहमी मोकळ्या पायाच्या दिशेने ढकलली जाते. पिशवी आकसत गेली की हे वाढतं. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी लेन्स मध्यावर दिसली यावर फार विसंबू नये.

समोरून पिशवीला पाडलेलं गोल तोंड मात्र अखंड होतं, सुमारे पाच मिलिमीटर, मध्यावर. पुढचा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा राहिला.

आयरिसच्या मागे काय चाललंय हे पाहायला युबीएम, म्हणजे जास्त वारंवारतेची सोनोग्राफी, लागते. पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेलं थरांचं चित्र, इथे कमी पडतो, कारण आयरिसचा रंगथर प्रकाश अडवतो. युबीएममध्ये वरचा पाय आयरिसच्या पाठीला टेकलेला स्पष्ट दिसला. पडद्याच्या ओसीटीत मध्यभागाची जाडी ३८५ मायक्रॉन, आत पाण्याचे कप्पे. चष्म्याने ६/१२ च्या पुढे नजर का जात नव्हती ते इथे कळलं. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी, दर चौरस मिलिमीटरला, डावीकडे २४५० आणि उजवीकडे १७००. दुसरं ऑपरेशन सोसण्याइतक्या, पण फार वाट पाहण्याइतक्या नाहीत.

दोन शंका फेडून घ्यायला हव्या होत्या. मोतीबिंदूचा तुकडा मागे राहिलाय का? बी-स्कॅन (डोळ्याच्या मागच्या भागाची सोनोग्राफी) आणि कोनाच्या तपासणीत नव्हता. पिशवीत दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग आहे का? त्यातही स्टेरॉइडने डोळा शांत होतो आणि थांबवलं की उठतो, म्हणून हुबेहूब असंच वाटतं. पण तिथे पिशवीवर पांढरा चट्टा दिसतो. रंगकण, रक्त आणि आयरिसवर पायाच्या आकाराची रेघ दिसत नाही.

सूज, दाब आणि रक्त या त्रिकुटाचं वर्णन एलिंगसन यांनी १९७८ साली केलं, तेव्हाच्या, आयरिसच्या पुढच्या कप्प्यात बसवायच्या ताठ लेन्सच्या संदर्भात. त्या लेन्स गेल्या, पण वर्णन आजही लागू पडतं.

शेडचं काय, हा मुलाचा प्रश्न रास्त होता, कारण शेडमध्ये त्रास वाढतो हे वडिलांचं निरीक्षण खोटं नव्हतं. एप्रिलच्या उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये आणि परत बाहेर, असं दिवसभर चाललं की बाहुली सारखी लहान-मोठी होते, आणि दर वेळी आयरिस त्या पायावरून सरकते. गंधकाचा त्यात हात नव्हता.

आधी दाब, मग चाकू

दाब ३४ असताना आणि डोळा सुजलेला असताना लेन्स बदलायला जाऊ नये. आयरिस रक्ताळते, बुबुळ धुरकटतं. दहा दिवस औषधं दिली. दमा नाही, नाडी मंद नाही हे विचारून टिमोलॉल ०.५ टक्के दोनदा. डॉरझोलामाइड २ टक्के तीनदा. मुतखडा, किडनीचा त्रास आणि सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री करून ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पहिले पाच दिवस. हातापायाला मुंग्या येतील, घाबरू नका, हे आधीच सांगितलं. न सांगता दिली की गोळी दुसऱ्या दिवशी बंद होते. प्रेडनिसोलोन १ टक्का दिवसातून सहा वेळा, पडद्याच्या सुजेसाठी नेपाफेनॅक ०.१ टक्के तीनदा, आणि बाहुलीची हालचाल थांबावी म्हणून होमॅट्रोपिन. घासणं थांबवायला हा शेवटचा थेंब फार उपयोगी आणि बऱ्याचदा विसरला जातो. पायलोकार्पिन आणि प्रोस्टाग्लँडिन गटातले थेंब टाळले, कारण सुजलेल्या डोळ्यात ते सूज वाढवू शकतात.

हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम चालू होती. "रक्त येतंय म्हणून गोळी बंद करतो" असं मुलगा म्हणाला, त्याला थांबवलं. ती गोळी बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांनी चालू ठेवायला सांगितली.

दहाव्या दिवशी दाब १७, पेशी अर्धा प्लस. इथे मोह होतो: थेंबांवर डोळा शांत आहे, तर असंच ठेवूया का? पाय जागेवर आहे तोवर घासणं चालूच राहणार आणि रंगकण जाळीत साठत राहणार. जाळीचं नुकसान एका मर्यादेपलीकडे गेलं की मग लेन्स बदलूनही दाब उतरत नाही. थेंब हे इथे ऑपरेशनची पूर्वतयारी म्हणून होते.

लेन्स बदलताना

वरचा पाय नुसता फिरवून पिशवीत सरकवणं हा सोपा वाटणारा मार्ग अकरा आठवड्यांनंतर उरलेला नव्हता. पिशवीचे दोन्ही पापुद्रे चिकटलेले, मागचा फाटलेला. म्हणून लेन्स बदलणं, आणि समोरचं तोंड अखंड असल्याने थ्री पीस लेन्सचे पाय सल्कसमध्ये ठेवून चकती त्या तोंडातून मागे अडकवणं.

पॉवर नव्याने काढली. जुनीच २१ उचलली तर उणे नंबर येतो. डोळ्याची लांबी २३.२ मिलिमीटर, बुबुळाची वक्रता ४४. नव्या लेन्सच्या स्थिरांकाने पिशवीसाठी २०.८ येत होती. लेन्स पूर्ण सल्कसमध्ये राहणार असेल तर या पल्ल्यात १ कमी करतात. चकती मागे अडकवली की ती जवळजवळ पिशवीच्याच पातळीत बसते, म्हणून फारसं कमी करावं लागत नाही. २०.५ घेतली. चकती ऐन वेळी अडकली नाही तर हवी म्हणून २० ही टेबलावर ठेवली.

बाजूला सुई देऊन डोळा बधिर केला. ट्रायमसिनोलोन, म्हणजे पांढऱ्या कणांचं स्टेरॉइड, पातळ करून पुढच्या कप्प्यात सोडलं. जेली एरवी दिसत नाही, याचे पांढरे कण तिला चिकटले की धागा न् धागा दिसतो. वरच्या पायाभोवती एक धागा सापडला. तो ओढायचा नाही, पडदा फाटू शकतो. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटर मागून कटर घालून, वेग जास्त आणि ओढ कमी ठेवून, तो कापला.

वरचा पाय लगेच सुटला. खालचा पिशवीत घट्ट होता. २७ गेजच्या बोथट नळीने पिशवीच्या तोंडाखाली व्हिस्कोइलास्टिक (डोळ्यात जागा धरणारं घट्ट पारदर्शक जेल) हळूहळू सोडत जागा केली, आणि पाय आल्या वाटेने फिरवत काढला. तो निघत नसता तर चकतीजवळ कापून पिशवीतच ठेवायचा. तिथे तो निरुपद्रवी असतो. पिशवीला धरणाऱ्या दोऱ्या ओढाताणीत तुटल्या तर सगळा बेतच कोसळतो.

जुनी लेन्स पुढच्या कप्प्यात आणून लगेच कापली नाही. आधी नवी लेन्स तिच्या खालून आत घेतली, पाय सल्कसमध्ये ठेवले. म्हणजे कात्री चालवताना फाटलेल्या पापुद्र्यावर छप्पर राहतं, तुकडा मागे पडत नाही. मग जुनीचे दोन तुकडे करून २.८ मिलिमीटरच्या छेदातून काढले. दोन्ही लेन्सच्या वर-खाली व्हिस्कोइलास्टिक भरपूर, कारण बुबुळाच्या पेशी आधीच कमी होत्या.

शेवटी चकतीची एक कड, मग समोरची कड, पिशवीच्या तोंडाखाली दाबली. गोल तोंड ताणून लांबट, मांजराच्या बाहुलीसारखं झालं की चकती अडकली असं समजावं. गोलच राहिलं तर अडकलेली नाही. बाहुली लहान करणारं औषध देऊन ती गोल आहे ना पाहिलं. टोक निघालं असतं तर जेलीचा धागा छेदात अडकलाय असा अर्थ. १०-० नायलॉनचा एक टाका, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, ०.१ मिली आत.

तोंड फाटलेलं असतं तर मार्ग वेगळे होते. आयरिसच्या मागे चिमट्याने बसवायची आयरिस-क्लॉ लेन्स लवकर बसते, पण तिला साडेपाच मिलिमीटरच्या आसपासचा छेद आणि धड आयरिस लागते. खरवडलेल्या आयरिसवर ती टांगायला मन धजत नाही. पांढऱ्या भागात पाय रोवण्याच्या पद्धती, चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांची ग्लूची किंवा जपानच्या यामाने यांची सुईची, या डोळ्याला जास्त योग्य ठरल्या असत्या. त्यातही दोन पाय बरोबर समोरासमोर, १८० अंशांवर आले नाहीत तर लेन्स पुन्हा तिरकी.

नंतर

दुसऱ्या दिवशी दाब २४, थोडं व्हिस्कोइलास्टिक उरल्याने अपेक्षितच. आठवड्याने टिमोलॉलवर १६. प्रेडनिसोलोन सहा आठवड्यांत उतरवत बंद केलं, आणि या वेळी थेंब थांबल्यावर डोळा लाल झाला नाही. सहाव्या आठवड्यात नंबर उणे ०.५०, सिलिंडर उणे ०.७५, चष्म्याने ६/९. पडद्याची सूज तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरली, जाडी २७२, नजर ६/६ ला टेकली. टिमोलॉल तेव्हा थांबवलं. दाब १७ वर राहिला.

जाळीतले रंगकण लगेच जाणार नाहीत, म्हणून दर चार महिन्यांनी दाब आणि वर्षातून एकदा नजरेच्या क्षेत्राची तपासणी सांगितली आहे. आयरिसवरची ती लाल रेघ कायमची. रात्री समोरून गाडीचा दिवा आला की त्या जागी प्रकाश फाकतो. त्याला इलाज नाही आणि गरजही नाही.

राहिला डावा डोळा. त्यातल्या मोतीबिंदूत पिशवीच्या मागच्या पापुद्र्याला चिकटलेला, मधोमध, गोल वर्तुळांचा दाट पांढरा ठिपका आहे: पोस्टिरिअर पोलर. हा प्रकार बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत असतो, आणि त्या ठिपक्यापाशी पापुद्रा मुळातच कच्चा असतो. उजवा का फाटला याचं बहुधा हेच कारण. डावीकडे पाण्याच्या जोराने पिशवी सुटी करायची नाही, नुसता आतला गर वेगळा करायचा, बाटलीची उंची कमी ठेवायची, आणि पुढचा कप्पा एकदाही कोसळू न देता उपकरण काढायचं. पापुद्रा फाटू शकतो हे मुलाला आणि वडिलांना आधी सांगून संमतिपत्रावर लिहून घेतलं आहे. ऑपरेशन फळछाटणीच्या आधी ठरलं आहे. ट्रेवर दोन लेन्स असतील, त्यातली एक थ्री पीस, आणि जी बसेल ती कुठे बसवली हे कार्डावर लिहिलं जाईल.